घडी

रेशीम म्हणायचो आम्ही सवयीनं,
होतं नायलॉन.
लढाई संपून सहा वर्षं झाली होती, रेशमाचं नाव तेवढं उरलं होतं,
लोण्याचं उरतं तसं, रेशन कार्डावर.

चाळीस फुटी टेबल.
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला यूना.
दोऱ्या अठ्ठावीस, एकीनं दुसरीत पाय घालता कामा नये.
पाकळीवर पाकळी, वर शिशाच्या पिशव्या दाबून,
मग लाल दोऱ्याचा एक टाका
आणि वहीत सही: इ. मॅकिल्रेथ.
आमची मुकादमीण सांगायची,
नीट बांधा गं,
ही घडी मोडणारा एकदाच मोडणार आहे.

मोडून, पायांनी चालत कुणी परत आला
तर बांधणारीच्या हातावर दहा शिलिंग ठेवायची रीत होती.
मला एकदाच मिळाले.
मी लोकरीचे मोजे घेतले.

टुलॉक ऑर्कनी बेटांवरचा. एकवीस पूर्ण नव्हती.
काउंटरवर कोपर टेकून विचारायचा,
हे कुणी बांधलंय?
मी.
मग नाही मोडत. इतकी छान घडी.
हे तो दर वेळी म्हणायचा,
आणि दर वेळी मी हसले असेन असं नाही.

त्या मंगळवारी जहाज नव्हतंच.
धावपट्टीवर चुन्यानं जहाजाची डेक आखली होती,
पोरं अंगणात घर आखतात तशी: इथे भिंत, इथे दार, इथून पुढे समुद्र समजायचा.
कडेला पेनहॅलिगन, दोन्ही हातांत पिवळ्या बॅटी.
यायचं, टेकायचं, पुन्हा उठायचं. आठ फेऱ्या.
फायरफ्लाय. म्हणजे काजवा.
पाच टनांचा काजवा.

सातव्या फेरीला तो फार हळू आला.
पेनहॅलिगननं बॅटी हलवल्या: वर जा, वर जा.
त्यानं इंजिनाला होती नव्हती ती ताकद एकदम दिली.
पंखा एकीकडे फिरला, विमान दुसरीकडे.
उजवी बाजू खाली, मग पोट आभाळाला,
मग खाडी. ओहोटी होती.
शिंपले वेचणाऱ्या दोघी
टोपल्या टाकून चिखलातून धावल्या, विमानाकडे,
आम्ही सगळे धावपट्टीवर उभे असताना.

गुरुवारी ते माझ्या टेबलावर आलं, ओल्या गोणपाटात.
चौकशीचे साहेब म्हणाले, उघडून दाखवा, नियम आहे.
लाल टाका शाबूत.
सही वाचता येत होती, शाई जरा पसरली होती.
मी दोरी ओढली
आणि ते उघडलं, भिजलेलं असून,
पाकळी पाकळी सुटत, शिकवल्याबरहुकूम.
साहेबांनी लिहिलं: बांधणीत दोष नाही.
मुकादमीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, सुटलीस.

सुकवायच्या मनोऱ्यात यूनानं आणि मी ते वर चढवलं.
रात्रभर ठिबकत होतं.
आधी चिखलाचं पाणी, मग नुसतं खारं.
मनोऱ्याच्या दारावर पाटी होती, उंची सत्तर फूट.
रोज वाचायचे.
साहेबांच्या कागदावरही सत्तरच होते.
मी खाली फरशीवर उभी राहिले, वर बघितलं.
इथून तिथवर.
माझ्या घडीला उघडायला पाचशे तरी लागतात.

मिठानं खराब झालेलं कापड मोडीत निघतं.
एरवी मुली चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाचं लग्न असलं की झग्यासाठी.
या वेळी कुणी चिठ्ठी टाकली नाही.

शनिवारच्या बोटीनं त्याची आई आली.
घड्याळ घेतलं, बूट घेतले, पाकिटाची पावती दिली.
मग म्हणाली, ते कुठंय?
कुणी तिला सांगितलं होतं कोण जाणे.
मी मनोऱ्याचं दार उघडलं.
तिनं खाली लोंबणारी कड
अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिली,
दुकानात पाहतात तशी.
कोरं आहे, म्हणाली.

मी म्हटलं, हो.