दीड वीत

औशाला येताना किल्ला दिसत नाही.
लातूरकडून या, तुळजापूरकडून या,
आधी तुरीचं रान, मग पाण्याची टाकी, मग टायरांची दुकानं,
आणि किल्ला कुठाय विचारायला तोंड उघडावं
तर तुम्ही खंदकाच्या काठावर उभे.
बांधणाऱ्याने खोलगट जागा हेरली, मुद्दाम.
सुळका नको, कडा नको.
तोफेला नेम धरायचा तर
आधी काहीतरी दिसावं लागतं.

मी टेप घेऊन आलोय, विभागाचं पत्र घेऊन.
टेपचं दुसरं टोक दस्तगीरच्या हातात.
त्याच्या आठ शेळ्या खाली खंदकात,
आणि मधेच टेप सोडून तो त्यांना हाळी देतो,
म्हणून शेरहाजीचं एक माप तीनदा घ्यावं लागलं.
तिन्ही वेळा वेगळं आलं.

दरवाजा समोर नाहीच.
रेवणी आधी डावीकडे नेते, मग अंगावर येईल अशी उजवीकडे,
इतक्या अडचणीत हत्तीला मागे सरून
धडकेपुरतीही धाव मिळू नये.
हे कुणीतरी खरा हत्ती आणून पाहिलं असणार:
उन्हाने कावलेला माहूत, हातात दोरी घेतलेला गवंडी,
आणि हत्ती वळतोय, आरामात वळतोय.
“अजून चार हात आत घ्या रे.”
ते चार हात मी मोजले.
एक मीटर ऐंशी.

वर फांजीवर वारा.
जंग्या एका रांगेत, आतून रुंद, बाहेर चिंचोळ्या,
उतरत्या, खंदकाच्या पाण्यावर नजर ठेवून.
आता पाणी नाही, बाभळी आहेत.
सतरा जंग्या, उभ्या माणसाच्या छातीला.
अठरावी
दीड वीत खाली.

“पोरगं आसंल,” दस्तगीर म्हणाला.
लढाईला पोरगं?
“लढाईला कुणीबी आसतंय, सायेब.”
मग त्यालाच पटेना.
“न्हाईतर गवंड्याची चूक. रोज्यातली दुपार आसंल, डोकं चालत नसतंय.”

मी वाकून पाहिलं, मान अवघडली.
गुडघ्यावर बसलो, तरी उंच पडलो.
शेवटी मांडी घातली, आणि डोळा
अलगद भोकापाशी आला.
डाव्या हाताला दगड गुळगुळीत, वाटीसारखा खोल,
माझं कोपर आपोआप तिथे गेलं
आणि बसलं.

ज्याला उभं राहता येत नव्हतं असा कुणी?
एखाद्या आधीच्या वेढ्यात पाय गेलेला,
नोकरीवर मात्र राहिलेला?
बाहेरचं रान त्या भोकातून दिसतच नाही.
दिसते दिंडी, आपलीच,
आणि आपलीच माणसं, मान खाली घालून
एकेक आत येणारी.
अठरा हात जाडीच्या तटाचा
अडसर शेवटी आतूनच निघतो.
त्यासाठी एकाला इथे बसवला होता,
मांडी घालून, दिवसच्या दिवस,
तंबाखू मळत, सगळ्यांची पाठ ओळखत.
किंवा गवंड्याची चूक.

एकास पाचशेच्या आराखड्यात
दीड वीत म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही.
माझ्या बोथट पेन्सिलीची रेघ त्याहून जाड.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘अनियमित’.
खोडलं.
‘बसून’ लिहिलं.
साहेब विचारतील, हे काय?

ऊन कलल्यावर दस्तगीर माझ्या जागी बसला,
कोपर त्याच वाटीत.
दिंडीतून शेळ्या आत येत होत्या,
उंबऱ्यावर थबकून, एकेक.
तो ओठातल्या ओठात मोजत होता.
सातवर थांबला.
भोकातून डोळा न काढता म्हणाला,
“टेप धरा जरा.”