तिथीचं पाऊण

मी विधानमंडळाची प्रतिवेदक.
बोललं जातं ते उतरवते,
बोललं जात नाही
त्याला कंसात ‘शांतता’ म्हणते.

आश्वासन समिती करंजाळे बंदरावर
अकराला पोचायची होती.
महामार्गाने आम्हाला साडेचारला सोडलं.
वळणरस्ता, पुन्हा वळणरस्ता, अर्धा पूल,
त्याच्या उघड्या सळ्यांवर बसलेले बगळे,
आणि मागच्या सीटवर वाहतूक खात्याचे उपसचिव,
मांडीवर धोरण धरून झोपलेले.

तोवर खाडी निघून गेली होती.

पल्याडचं गाव दिसत होतं,
वाळत घातलेली जाळी, एक लाल लुगडं.
कुणाच्या तरी कुकरची शिट्टीही ऐकू आली.
होडीने सहाशे मीटर. रस्त्याने बेचाळीस किलोमीटर.
मध्ये नुसता चिखल, आणि चिखलात
शासनाची जेटी,
पाण्याच्या बरीच अलीकडे संपलेली,
सदस्याचा माईक बंद केल्यावर
वाक्य जिथे संपतं तशी.

साक्षीदार : याकूब होडेकर, तरवाले, वय एकसष्ट.
अध्यक्षांनी विचारलं, तरीचं वेळापत्रक काय?
याकूबभाई म्हणाले, आज तिथ कुठली?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
‘चतुर्दशी. चौदाचं पाऊण करा. साडेदहा.
साडेदहाला तुडुंब होती खाडी, साहेब.
तुमी येनार म्हणून होडी धुवून ठेवलेली.’

उपसचिव म्हणाले, नव्या धोरणात
जलवाहतुकीला प्राधान्य आहे, परिच्छेद सात पाहावा.
‘साताचं पाऊण सव्वापाच,’
मागून अनसूया डोर्लेकर पुटपुटल्या.
(हशा), मी लिहिलं.

मग त्यांना पुढे बोलावलं.
बांगड्याची पाटी त्यांनी खाली ठेवली,
बर्फाचं पाणी अध्यक्षांच्या खुर्चीखाली गेलं.
पिशवीतून तारांकित प्रश्नांची तीन उत्तरं काढली,
एकोणीस वर्षांची, घडीवर झिजलेली.
जेटी अपुरी असल्याने मासेविक्रेत्या महिलांची
गैरसोय होते, हे खरे आहे काय?
होय, हे खरे आहे.
पुढच्यात : हे अंशतः खरे आहे.
त्याच्या पुढच्यात : प्रश्न उद्भवत नाही.

‘म्हणजे आधी मी खरी होते,’ त्या म्हणाल्या,
‘मग अर्धी झाले.
आता उद्भवतच नाय.’

(शांतता)

अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे. तरीही उठले.
पँट दुमडली, म्हणाले, मी जाऊन बघतो.
चार पावलं गेले.
पाचव्याला गुडघा गेला.
याकूबभाईंनी फळी टाकली, हात दिला,
अध्यक्ष बाहेर आले.
त्यांचा उजवा बूट आला नाही.

अहवालात एवढंच आहे :
समितीने प्रत्यक्ष पाहणी केली.
गुडघा, फळी, हात, बगळे
मी टंकले होते. वगळण्यात आले.
शिफारस : विभागाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी.

विभागाने काही कळवलं नाही.
सातव्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने बूट आला,
गोड्या पाण्यात धुतलेला,
आत जुन्या पेपरचे बोळे, आणि एक चिठ्ठी :
सुकतीला गावला.

आवक नोंदवहीत ‘विषय’ असा रकाना असतो.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं : जेटीची लांबी.
सहपत्र : एक.

अहवाल पटलावर ठेवला गेला
अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी,
सतरा इतर कागदांसोबत.
चर्चेला वेळ उरला नाही, असं नाही,
वेळ मागितलाच गेला नाही.

हल्ली माझ्या टेबलावर तिथीचं कॅलेंडर असतं.
शेजारच्या बाईंना वाटतं, मी उपास धरते.
आज अष्टमी. आठाचं पाऊण सहा.
सहाला सभागृह उठेल,
मी शेवटची ओळ घेईन, बैठक स्थगित झाली,
आणि तिकडे जेटीच्या टोकाशी
पाणी येऊन टेकेल,
भांगाचं, फार नाही,
होडी सुटण्यापुरतं.