प्रत्येकी तीन मिनिटं

घंटा माझ्या हातात दिली,
कारण मी कुणाचीच नाही:
पालिकेच्या दवाखान्यातली सिस्टर,
पगार अर्धा इकडून, अर्धा तिकडून,
आणि कंत्राट मार्चअखेर संपणारं.

विट्यात, साळी गल्लीच्या मागचा हॉल.
शंभर खुर्च्या मांडल्या, साठ भरल्या.
भिंतीपलीकडं यंत्रमागांचा खडखडाट.
तो थांबवा असं कुणी म्हटलं नाही;
इथं तो थांबला तरच माणसं दचकतात.

सुनंदाताई चोथे म्हणाल्या,
दवाखान्याची इमारत आमच्या काळात झाली.
खरंय.
रंगसुद्धा तेव्हाचाच आहे.

मग भिंगारदिवे वकील उठले, चष्मा पुसत:
इमारत पालिकेची, डॉक्टर शासनाचा, औषधं जिल्ह्याची.
नगरसेवकाला डॉक्टर नेमायचा अधिकारच नाही,
हे जनतेनं समजून घ्यावं.
जनतेनं ते कधीच समजून घेतलंय.
समजून घेऊनच ती
सकाळी साडेसहाच्या एसटीला उभी असते,
सांगलीच्या सिव्हिलला जायला,
डबा, फाईल आणि लघवीची बाटली एकाच पिशवीत.

यासीनभाई पिंजारी मागवाल्यांचं बोलले.
चाळिशीत कान जातात,
सुताची पिंज छातीत बसते,
फिरता दवाखाना पाहिजे.
पोटतिडकीनं बोलले.
त्यांच्या सोळा मागांवर
एकाच्याही कानात बोळा नाही, हे मी मनात म्हटलं.
घंटावाल्यानं मनातच म्हणायचं असतं.

लोटके पैलवानांनी माइक हातातच घेतला:
निवडून द्या, ॲम्ब्युलन्स देतो, स्वतःच्या खिशातनं!
टाळ्या.
मागनं एक पोरगं ओरडलं, पयली कुठाय?
पहिली बाजार समितीच्या शेडखाली आहे,
चार विटांवर,
स्ट्रेचरवर कोंबडी खुडूक बसलेली.

आता लोकांचे प्रश्न.
अनुबाई ढेरे उठल्या. माइक नको म्हणाल्या.
"माझा ल्योक सोनं गाळायला सेलमला गेला,
एकोणीस वर्सांनी आला.
सोनं तिकडंच राह्यलं,
तेजाबाचा धूर तेवढा घिऊन आला छातीत.
रात्री बाराला त्याला धाप लागती.
तवा तुमच्यातल्या कुणाच्या दाराची कडी वाजवू?
तेवढं सांगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

चौघांनी एकमेकांकडं बघितलं,
पंगतीत नको असलेला घास
शेजाऱ्याच्या पानात सरकवावा तसं.
यासीनभाईंनी खाली बघितलं.
सुनंदाताईंनी पाणी प्यायलं.
वकील म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर
रात्र ही दवाखान्याच्या वेळेत…

मी घंटा वाजवली.
अडीच मिनिटं शिल्लक होती त्यांची.
आयोजकांनी माझ्याकडं बघितलं,
मी घड्याळाकडं.

अनुबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही.
बघायचं काय?
माझी कडी त्यांना ठाऊक आहे,
गेल्या थंडीत दोनदा वाजवलीय.
दोन्ही वेळा मी चप्पल न घालता गेले
आणि दोन्ही वेळा
वाफ द्यायच्या मशीनची वायर
शेजारच्या मागाच्या बोर्डातनं ओढून घेतली.
ती वीज कुणाच्या हद्दीतली, कुणी विचारलं नाही.

चहाला पैलवान हळूच जवळ आले,
सिस्टर, जरा बघा की, सकाळधरनं डोकं धरलंय.
दंड एवढा, की पट्टा पुरेना.
एकशे ऐंशी, एकशे दहा.
मग वकील. मग सुनंदाताई, पदर सावरत.
वहीत लिहिलं: नाव, वय, वॉर्ड.
पक्षाचा रकाना आमच्या वहीत नाही.

पैलवान म्हणाले, गोळी द्या की मग.
म्हटलं, जिल्ह्याकडून आली नाही.
डॉक्टर?
जागा रिकामी आहे, दोन वर्षं.
मग मी करू काय आता?

म्हटलं, साडेसहाची एसटी आहे.

ते हसले, चेष्टा वाटली त्यांना.
मी पट्टा सोडवला,
त्यातली हवा बराच वेळ जात राहिली.