दरसालचं जनावर

जानेवारी संपता संपता
गुजरीतून पोपटशेठचा फोन येतो :
'आलंय बघा जनावर.'
शेजारी कोणी ऐकलं तर त्याला वाटावं,
वडगावच्या बाजारात मी खोंड बघून ठेवलाय.

तीन ग्रॅम आणि वर चिमूटभर.
पारदर्शक डबीत, अंगठ्याच्या नखाएवढं.
एका अंगाला दरसाल तोच मुकुट,
दुसऱ्या अंगाला दरसाल नवा प्राणी.
पहिल्या वर्षी हत्ती. मग लांडगा. मग पाणघोडा;
त्या साली सोनं पडलं होतं, म्हणून पाणघोडे दोन.

मी उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं कमीजास्त
माझ्या बोटाला कळतं.
म्हणून मी आधी कड बघतो,
भिंगातून तिच्यावरच्या खाचा मोजतो,
आणि कुठल्या तरी परमुलखातल्या टांकसाळीतल्या
कुठल्या तरी कारागिराला म्हणतो,
जमलंय गड्या.

बायकोचं म्हणणं वेगळं.
'साजात ओवता येत नाही,
बँकेत ठेवलं तर व्याज वीत नाही,
आणि कुणाला हात लावू देत नाही तुम्ही.
हे पाळलंय कशाला?'

आई होती तेव्हा डबी उन्हात धरायची.
हत्ती? अजितनाथ.
गेंडा? श्रेयांसनाथ.
झेब्र्यापाशी जरा अडली, मग म्हणाली,
'पट्टे असले म्हणून काय झालं, घोडाच की. संभवनाथ.'
लांडग्याला तिच्याकडे तीर्थंकर नव्हता.
'ह्याला कुणीच घेतलं न्हाई व्हय,' म्हणाली
आणि त्याचीच डबी
जास्त वेळ हातात ठेवली.

चित्ता आला त्या वर्षी
शेजारच्या शेडमधला इलाही जमादार बघायला आला.
त्याचा पणजोबा संस्थानात चित्तेवान.
चित्त्याला बैलगाडीत बसवायचे,
डोळ्यांवर कातड्याची टोपी,
आणि माळावर न्यायचे
काळविटाच्या मागं सोडायला.
इलाहीनं चित्ता बघितला नाही, त्याच्या बापानंही नाही.
घरात गळपट्ट्याची पितळी कडी तेवढी उरलीय,
तिच्यात आता शेडच्या किल्ल्या.

'उघड की,' म्हणाला.
डबी उघडली की भाव मोडतो,
हे मी बायकोला दहा वेळा सांगितलेलं.
उघडली.
ग्रीसचा अंगठा त्यानं पाठीवरून फिरवला,
मानेकडून शेपटाकडं,
सावकाश, केसांच्या दिशेनं.
'टोपी काढल्यावरचा हाय,' म्हणाला.
'सुटलाय.'

गेल्या दिवाळीला फौंड्र्यांचं काम आटलं.
चार पोरांचा बोनस द्यायचा होता.
पिशवीत डब्या घालून गुजरीत गेलो.
पोपटशेठनं एकेकाला डबीतून काढून काट्यावर ठेवलं.
हत्ती, गेंडा, झेब्रा, दोन्ही पाणघोडे,
सगळे एका वजनाचे भरले.
'जनावर कुठलं याचा भाव
घेताना असतो, बाळगोंडा. देताना नसतो.'
तरी फायदाच झाला, खोटं कशाला बोलू.
दर कुठल्या कुठं गेला होता.

चित्त्यापाशी त्यानं भिंग लावलं.
'डाग आहे. पुसू? का कमी धरू?'
मीही वाकून बघितलं :
मानेपासून शेपटापर्यंत
एका अंगठ्याच्या बारीक रेषा,
माझ्या लेथवर निघणार नाहीत इतक्या बारीक.
'राहू दे,' म्हटलं
आणि तो तसाच वरच्या खिशात टाकला, डबीशिवाय.
लांडगा तर मी नेलाच नव्हता.

बोनस वाटला. एकानं सायकल घेतली पोरीला.

परवा पुन्हा फोन आला :
'आलंय बघा.'
कुठलं, ते विचारलं नाही.
दर विचारला, पैसे मोजले, कमी पडत होते थोडे.
मग लेथ बंद केलं
आणि भिंतीपलीकडं हाक मारली :
इलाही, चल गुजरीला.
हात धुऊ नकोस.