चौदा दिवसांत

अर्जात एक रकाना होता: अंगी असलेली कौशल्यं.
मी लिहिलं, हसतमुख. तोंडी हिशेब. रशियन, कामापुरती.
लामारानं कागद वाचला, चार घड्या घातल्या
आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवला.
बाक स्थिर झालं.
चल, म्हणाली, गुडघ्यावर बस.

कुताइसीच्या बाजारामागे, औषधांच्या दुकानाला लागून
आमचं बुटांचं दुकान.
तीस वर्षं ती इथे लोकांच्या पायांशी बसते आहे,
चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत.
रस्त्यात कुणी हाक मारली तर आधी खाली बघते,
मग म्हणते, अरे जुंबेर! डाव्या पायाची भोवरी कशी आहे?

तिनं शिकवलं ते सलग नाही,
दोन गिऱ्हाइकांच्या मधे, सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता.

मोजपट्टी थंड असते, आधी तळहातात धर.
कुणाचेच दोन पाय सारखे नसतात.
मोठ्या पायाचं माप घे,
आणि कुठला मोठा ते मोठ्यानं सांगू नकोस.
मोज्याला भोक असेल तर तुझी नजर लेसवर.
छान दिसतात, हे आरशाला म्हणू दे,
तू विचार, टोचतंय कुठे.
एखादी बाई किमतीची चिठ्ठी उलटून बघते
आणि बूट होता तिथे, होता तसा ठेवते,
तेव्हा तू आत जा, काहीतरी आणायला,
काहीही,
तिला दार गाठायला सवड दे.
चोर मालाकडे बघत नसतो, तुझ्याकडे बघतो.
सुटे पैसे हातावर ठेवायचे, काचेवर आपटायचे नाहीत,
पाच तेत्री असले तरी.

मी म्हटलं, गुडघे दुखतात.
ती म्हणाली, दुखतील.

पाठ करायचं वाक्य एकच होतं, मालकाचं,
पावतीबरोबर, एका दमात:
बसले नाहीत तर चौदा दिवसांत परत आणा, खोक्यासकट.
महिन्याभरात ते जिभेवर असं चढलं
की घरी भावापुढे पाव सरकवतानाही निसटायचं.

नोव्हेंबरात एक बाई आली. काळे हवेत, पुरुषाचे.
चामड्याचे. त्रेचाळीस.
तिनं तळवा वाकवून पाहिला नाही.
पाण्यात टिकतील का, विचारलं नाही.
किंमतही नाही. फक्त म्हणाली, चमकतात ना?
लामारा शिडीवर होती, तिनं हे सगळं पाहिलं.
मीही पाहिलं, पण मला ते वाचता येत नव्हतं.
मी खोकं बांधलं, पावती फाडली आणि
एका दमात म्हणाले, बसले नाहीत तर.

बसतील, बाई म्हणाली.
पाय सुजलेत थोडे.
पण बसतील.

बाहेर मार्श्रुत्कावाला झुग्दिदी झुग्दिदी ओरडत होता.
लामारा शिडीवरून उतरली, घाई न करता.
त्रेचाळीसचा जोड माझ्या हातातून घेतला,
चव्वेचाळीसचा काढला, लेस शेवटच्या भोकापर्यंत सैल केली,
जिभा बाहेर ओढून ठेवल्या,
आणि स्वतःचं लांब दांड्याचं पितळी शूहॉर्न
बुटांच्या मधे आडवं ठेवलं.
टाचेकडून घाला, एवढंच बोलली.
जणू तो माणूस खाली गाडीत बसला आहे
आणि जरा घाईत आहे.

मला ती रागावली नाही. मी वाट बघत होते रागावण्याची.
संध्याकाळी शटर ओढताना म्हणाली,
तुझं हसू ठीक आहे. उशिरा आण.

शूहॉर्न कधी परत आलं नाही.
ती आता चमचा वापरते, घरचा, सुपाचा.

मी अजूनही ते वाक्य म्हणते,
पण त्याच्या आधी एक श्वास घेते,
समोर पाय कुणाचे आहेत ते बघते,
आणि कधी कधी तो श्वास सोडून देते, नुसताच.
मालकाला वाटतं, मी विसरते.
पगारातून कापीन म्हणाला.
कापू दे.