सहा एप्रन

चौकट भिंतीवरचीच. तिच्यात पूर्वी
कुणा काकाचं शिडाचं जहाज होतं,
ते आता पलंगाखाली नांगरलंय.
जाळी म्हणून माळ्यावरचा नायलॉनचा पडदा,
स्टेपलरनं ठोकला, ताणत ताणत,
टिचकी मारली तर डफासारखा वाजेपर्यंत.
रंग ओढायला जुन्या व्होल्वोचं वायपर.
विकत आणलं ते शाई आणि इमल्शन,
तेही वादळापायी अकरा दिवस
खाडीपलीकडे अडकून.

इमल्शन उजेडाला भितं. बाटलीवर लिहिलंय:
अंधाऱ्या खोलीत लावा, अंधारातच वाळवा.
मला हसू आलं.
वार्दोत डिसेंबर आहे.
अंधार आमच्याकडे दुपारी दोनलाच
पायरीवर येऊन बसतो, मांजरासारखा,
आणि हाकललं तरी जात नाही.

योगाराणी जानेवारीअखेर निवृत्त होते.
तीस वर्षं माझ्या उजव्या हाताला उभी,
मासे सोलायच्या पट्ट्यावर.
जाफन्याहून आली तेव्हा
पहिला बर्फ ओंजळीत घेऊन
तिनं त्याचा वास घेतला होता.
तिला एक, नि आम्हा पाचजणींना पाच,
असे सहा एप्रन छापायचे ठरवले मी, कुणाला न विचारता.
पॅकिंगमधल्या फिल्मोननं कॉड काढून दिला
पारदर्शक कागदावर, काळ्याकुट्ट पेननं,
खवला न् खवला.

दिव्याखाली सात मिनिटं ठेवलं.
नळाखाली धरलं तर सगळंच वाहून गेलं:
मासा, खवले, माझी संध्याकाळ.
मग वीस मिनिटं. आता काहीच निघेना,
टूथब्रश झिजला, मासा आतच.
मग बारा. डोळा उघडला, शेपूट उघडलं,
मी श्वास धरून वायपर ओढलं एका दमात,
आणि कापडावर उमटला
एक लठ्ठ ढग.
शाई पातळ, जाळी विरळ, हात भित्रा.
पहिले पाढे पंचावन्न.

फिल्मोन म्हणाला, तीस वर्षं मासेच बघितलेत बाईनं,
आता गळ्यातही मासाच बांधणार?
त्या दिवशी मी त्याला कॉफी विचारली नाही.

जानेवारी. नवा लेप दिलेली चौकट
स्वयंपाकघरात वाळत ठेवली, फ्रीजला टेकवून,
खिडकीवर जाड पडदा.
आठवडाभर ढग. किल्ल्यावरची तोफ अडून बसलेली:
सूर्याचं अख्खं बिंब दिसल्याशिवाय ती उडत नाही,
आणि ती उडाल्याशिवाय
शाळेला सुट्टी नाही.

मंगळवारी उडाली.
पोरांचा गलका झाला, नि मी,
साठीला टेकलेली बाई,
पडदा सर्रकन दोन्हीकडे सारला
आणि मोज्यांवरच धावले अंगणात.
तोंड वर करून उभी राहिले. शेजारचा हॉल्गेर्ड
त्याच्या अंगणात तसाच. आम्ही बोललो नाही.

परत आले तर ऊन फ्रीजवर.
फ्रीजला टेकलेली चौकट.
दोन महिने जिची वाट पाहिली त्या तिरपी किरणांना
मी भर स्वयंपाकघरात शिवी दिली,
आईनं ऐकली असती तर
साबणानं तोंड धुतलं असतं, अशी.

फेकायचीच होती, पण जाळी तरी वाचेल
म्हणून धुवायला घेतली.
पाणी सोडलं, आणि हिरव्या लेपातून
खिडकी उघडू लागली.
मधला दांडा. आडवी पट्टी.
काठावरच्या किटलीची चोच.
जिरेनियमची तीन पानं, त्यातलं एक
कडेनं सडून झडलेलं.
ऊन लागलं तो लेप घट्ट बसला होता,
सावली पडली तेवढाच सुटत होता.
विरळ जाळीला खवले झेपले नव्हते,
खिडकी झेपली.

निळी शाई. सहाही छापले,
सुकल्यावर उलट बाजूनं इस्त्री, रंग पक्का व्हायला.
दुसऱ्यावर अंगठ्याचा डाग आहे.
चौथ्यावर घर कलल्यासारखं दिसतं.
सहावा सगळ्यात नीट, तो मला ठेवायचा होता,
तोच तिला दिला.

योगाराणीनं तो पोटाशी धरला,
दिव्याकडे वळून बराच वेळ बघत राहिली.
मग सडक्या पानावर बोट ठेवून म्हणाली,
याला अजून पाणी जास्तच घालतेस ना?

घालते, म्हटलं.