पाच शब्द

पहिल्या सत्रात घोटा बांधायला शिकवतात.
पाऊल काटकोनात, टाच टेबलाबाहेर,
मग पट्टी: नांगर, रिकीब, पुन्हा नांगर.
जहाजाचा नांगर की शेतातला, कोणी विचारत नाही.
उत्तर डकोटात समुद्र हजार मैल लांब,
आणि शेत खिडकीबाहेरच.
पट्टीला सुरकुती पडली की फोड येतो.
मार्लिस टोलफसन, आमच्या बाई, रागावत नाहीत,
फक्त कात्री पुढे करतात. काप. परत.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा पाय बांधला,
झोपलेल्या भावाचा बांधला,
मनगटातली आठ हाडं
बसच्या काचेवरच्या वाफेत काढून पाठ केली.
माझ्या थांब्यापर्यंत सातच व्हायची.

बाबांनी एकदाच विचारलं,
म्हणजे पोरांना पाणी पाजायचं? त्यासाठी एवढी फी?
म्हटलं, हो, पाणीही पाजायचं.
जिना उतरताना त्यांचा डावा गुडघा करकरतो,
धान्याच्या कोठारावरून पडले तेव्हापासून.
आता मला त्या आवाजाचं नाव माहीत आहे.
दाखवा बरं, असं अजून म्हणता आलेलं नाही.

पहाटे सव्वापाच. बाहेर उणे बावीस.
आत आम्ही यंत्रातून बर्फ काढतो,
पिशवीतली हवा तोंडाने ओढून घेतो, गाठ मारतो.
दार उघडून फावडं घ्या की,
हा विनोद दर वर्षी कुणाला तरी नव्याने सुचतो.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना.
गुलिकसन पडला, उठला,
आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.
लोक हसले.
बाई दुसऱ्या कुणाच्या निखळलेल्या खांद्यात गुंतलेल्या,
मान न वळवता म्हणाल्या, तू विचार त्याला.

मी त्याला बाकावर बसवलं.
पाच शब्द सांगते, मागाहून मला परत दे:
लिंबू, शिडी, चादर, ढग, खिळा.
मग महिने उलटे म्हणायला लावले, एका पायावर उभं केलं.
आता सांग.
लिंबू, म्हणाला. चादर.
मग बराच वेळ मैदानाकडे बघत राहिला,
जणू बाकीचे तिकडे गवतात सांडलेत.

लिही ना पाच, तो हळूच म्हणाला.
आई आलीये. चारशे मैल गाडी चालवत.
मी वर पाहिलं. जांभळी घोंगडी पांघरलेली एक बाई
दोन्ही हात हलवत होती, त्याला की मला, कळेना.

याचा धडा पुस्तकात नाही.
पुस्तकात बाहुल्यांची रुंदी आहे, कवटीतले पडदे आहेत,
समोरचा मुलगा तुझ्याच वयाचा असेल
आणि तुला रडू येईल, हे नाही.
बाईंनी मात्र एकदा कपाट लावता लावता सांगितलं होतं:
नुसतं नाही म्हणू नकोस. हेल्मेट काढून घे आणि लपव.
हेल्मेट सापडलं की ही पोरं पळतात.

मी दोन लिहिले.
कागद बाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला,
मग त्याच कोचकडे गेल्या; कोच ओरडला, त्या ओरडल्या नाहीत.
तोवर हेल्मेट माझ्या कोटाखाली, मांडीवर.
आतली गादी अजून ओली होती, गरम होती.
आम्ही हरलो. चौथ्या डावाअखेर ते गार झालं,
माझे हातही.

त्यानंतर तो बोललाच नाही.
उजेड सहन होत नसे म्हणून वर्गात टोपी घालून बसायचा,
मी दिसले की टोपी आणखी खाली.

मार्चमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत,
माझ्या मागून ट्रे सरकवत कुणीतरी म्हणालं,
शिडी.
मी वळले नाही.
सूप वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, काय हवंय?
ढग, तो म्हणाला. आणि एक खिळा.